काकू, बारापर्यंत

आमच्या फिल्ममध्ये कपड्यांचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या हुशारीमुळे नव्हे, काकूच्या कपाटामुळे. दुसऱ्या वर्षाला वीस मिनिटांची फिल्म करायची होती. आमच्या गटात सहा जण, आणि सहाच्या सहा जणांना थ्रिलरच करायचा होता. दिग्दर्शक कोण, यावरून दोन दिवस भांडण झालं. कॅमेरा कुणाच्या हातात, यावरून आणखी एक दिवस. 'पात्रं आणि कपडे कोण बघणार?' म्हटल्यावर मात्र सगळे खिडकीबाहेर बघायला लागले. मग दिग्दर्शक झालेला पोरगा मला म्हणाला, "तुझ्या घरी साड्या भरपूर आहेत ना? आणि तुझे काका युनिफॉर्म शिवतात." झालं! मी चिडले, पाय आपटले, दोन-चार ऐकवली आणि काम घेतलं.

मी सोलापुरात काका-काकूंकडे राहते. आई-बाबा टेंभुर्णीला असतात. बारावी झाल्यावर बाबांनी मला त्यांच्या धाकट्या भावाकडे आणून सोडलं. काका शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर आहेत. दिवसभर कापडाचे थर लावून मशीननं कापतात आणि घरी येऊन कुणाशी धड चार वाक्यं बोलत नाहीत. त्यांच्या वाटचं काकूच बोलते. ती माढ्याकडची. तीस वर्षं शहरात काढली, तरी तिनं आपलं 'हाय' आणि 'न्हाय' सोडलेलं नाही. त्यांना मूलबाळ नाही, त्यामुळे सगळा ओरडा माझ्या एकटीच्या वाट्याला येतो. आत्ताही हे लिहितेय तर स्वयंपाकघरातून चाललंच आहे, "अजून आंघोळ न्हाय हिची!" तिला ओरडू दे. त्या आठ दिवसांनंतर मी कानाला हात लावलाय, काकूच्या ओरडण्याला नावं ठेवायची नाहीत.

तर फिल्म. गोष्ट अशी होती की कॉलेजच्या पोरांसाठी मेस चालवणाऱ्या एका बाईचा खून होतो. मेसवाल्या बाईला आमच्याकडे सगळे काकूच म्हणतात, म्हणून पात्राचं नावही काकू. घरातल्या सगळ्या भाडेकरूंना माहीत असतं की तिच्या जिवावर कुणीतरी उठलंय. फक्त तिलाच माहीत नसतं. बाराव्या सीनला ती मरते. ती विधवा, म्हणून तिला पांढरी साडी द्यायची, असं दिग्दर्शक म्हणाला. मी म्हटलं, "अरे शहाण्या, आमच्या गल्लीत चार विधवा बायका आहेत. एकही पांढरं नेसत नाही. एक तर पंजाबी ड्रेस घालून भाजी आणायला जाते." तो म्हणाला, "पांढऱ्यावर रक्त दिसतं."

मग मी एक जाड वही केली. प्रत्येक पात्राला एक पान: वय काय, स्वभाव कसा, कुठल्या सीनपासून कुठल्या सीनपर्यंत आहे, अंगावर काय. मापं घ्यायला मला येत नव्हती. काकांनी एका संध्याकाळी टेप हातात दिली आणि काकूकडे बोट दाखवलं, म्हणजे हिच्यावर शीक. मी छाती मापायला टेप तिच्या काखेखालून घातली, तर ती एकदम मागं सरली. "काय झालं गं?" "काय न्हाय." मी हात लावला, तर काखेत लिंबाएवढी गाठ. दोन महिने तिनं कुणाला सांगितलं नव्हतं! मला असा राग आला की मी टेप फेकून दिली आणि मग रडायलाच लागले. काकूच माझी समजूत काढत बसली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मीच घेऊन गेले. काकांना सुट्टी मिळाली नाही. डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घालून काहीतरी काढलं आणि तपासायला पाठवलं. म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी रिपोर्ट. येताना मिस्टरांना घेऊन या." मिस्टरांना कशाला? साधं काही असतं तर मला सांगितलं नसतं का? हातात वही होती, त्यातच मी लिहून घेतलं: शुक्रवारी रिपोर्ट, काकांना आणणे, तोवर वजन उचलायचं नाही, दुखलं तर ही गोळी.

त्या दिवसापासून घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले. काका गॅलरीत जाऊन बाबांना फोन करायचे. काकू खोलीत आली की आम्ही दोघं गप्प व्हायचो आणि काहीतरी फालतू बोलायला लागायचो, 'आज ऊन फार आहे' वगैरे. सोलापुरात ऊन फार आहे, हे काय बोलायचं असतं? पण बोलायचो. कॅन्सर हा शब्द कुणीच काढला नाही. माझ्या मनात तो दिवसभर असायचा.

आणि माझा गाढवपणा इथून पुढं सुरू होतो. वहीत डाव्या पानावर डॉक्टरांच्या सूचना होत्या. रविवारी मी त्याच्या समोरच्या उजव्या पानावर, जागा रिकामी दिसली म्हणून, मेसवाल्या काकूचं पात्र लिहून काढलं. काय लिहिलं, ते जसंच्या तसं सांगते.

'काकू. वय ५०. स्वभावानं भोळी. १२ पर्यंत. पुढे नाही. घरात सगळ्यांना माहीत. हिला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. पांढरं पातळ. केस मोकळे.'

बारा म्हणजे बारावा सीन. ते मला माहीत, दिग्दर्शकाला माहीत. 'सीन' हा शब्द लिहायचा मला कंटाळा आला होता. लिहून झाल्यावर वही फ्रिजवर ठेवली आणि विसरून गेले.

सोमवारी मी कॉलेजमधून आले तर काकूनं कपाट उघडून सगळ्या साड्या पलंगावर काढल्या होत्या. म्हणाली, "तुला त्या शिनिमाला पायजे हुत्या न्हवं? ने. ही पन ने. ही तर लई चांगली हाय, एकदाच नेसलीय." मी आधी चार दिवस तिच्या मागं लागले होते, तेव्हा एका साडीला हात लावू दिला नव्हता. मी म्हटलं, "परत कधी देऊ?" ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. मला आता कशाला?" आणि मी काय केलं असेल? उड्या मारल्या! गटाच्या ग्रुपवर साड्यांचे फोटो टाकले.

मंगळवारी तिनं मला शेंगांची चटणी कुटायला बसवलं. "शेंगा जास्ती भाजू नको, ह्यांना करपट वास चालत न्हाय." बुधवारी सकाळी काकांची ब्लडप्रेशरची गोळी कुठल्या डब्यात असते ते दाखवलं. "च्याच्या आदी द्यायची. ध्यानात ठिव. ह्ये स्वतःहून घेत न्हाईत." मी 'हो हो' करत मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. मला वाटलं, रिपोर्टच्या काळजीनं बाई जरा हळवी झालीय. त्यातून साड्या मिळाल्यात, उगाच कशाला खोलात शिरा? आज आठवलं की स्वतःच्याच दोन कानशिलात द्याव्याशा वाटतात.

गुरुवारी वर्गात कपड्यांची यादी वाचायची होती. मी फ्रिजवरची वही उचलून तशीच नेली. सगळे बाकांवर बसलेले, आणि मी मोठ्या ऐटीत वाचायला लागले. कंडक्टर, दोन ते नऊ, खाकी, काका शिवून देणार. भाडेकरू, शेवटपर्यंत, चष्मा, चौकडीचा शर्ट. मग पान उलटलं. 'काकू. वय ५०. बारापर्यंत...' आणि पुढं 'पांढरं पातळ' यावर निळ्या पेनची रेघ मारलेली. खाली लिहिलं होतं, आणि ते मी वाचूनही टाकलं:

"हिरवं. मी सवाष्ण हाय. बांगड्या काडू नये. केस मोकळे न्हाय, येनी घालावी."

वर्गात हशा पिकला. दिग्दर्शक उठून उभा राहिला, "हे कुणी बदललं? हिरव्यावर रक्त काळं दिसेल, कळतंय का?" फक्त मेसवाल्या काकूचं काम करणारी मुलगी हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अगं, हे कुणी लिहिलंय?"

ते अक्षर मी झोपेतही ओळखीन. आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर ते आहे: जिरं, मोहरी, हळद. काकूनं पान वाचलं होतं. डावं पान वाचलं, डॉक्टरांचं. आणि उजवं वाचलं. नवरा जिवंत असताना बाई गेली तर तिला हिरवी साडी नेसवतात, हातभर बांगड्या भरतात, मळवट भरतात. आपण मरणार, हे काकूनं वाचलं आणि त्यातली कपड्यांची चूक तेवढी दुरुस्त करून वही जागेवर ठेवली. दप्तर तिथंच टाकून मी वही घेऊन धावत सुटले, रिक्षा केली, आणि वाटभर त्या रिक्षावाल्याचं डोकं खाल्लं की जरा जोरात घ्या की हो.

काकू भाकरी थापत होती. मी दारातूनच ओरडले, "काकू, ही वही तू वाचलीस?"

"व्हय," ती म्हणाली. हात थांबवला नाही. "ओरडतीस कशाला? मला समदं कळलंय. तुमी लपवा, मी बी लपवते."

"अगं बाई, हे सिनेमातलं आहे! ती मेसवाली काकू!"

"उगं समजूत काडू नको. डाक्टरनं सांगितल्यालं त्याच्या शेजारीच लिवलंय की."

ती ऐकेचना. मी शपथा घेतल्या, देवाच्या फोटोला हात लावला. शेवटी मी चुलीपुढं म्हणजे आमच्या गॅसपुढं फतकल मारली आणि तिला बाकीची पानं वाचून दाखवली. हा बघ कंडक्टर, दोन ते नऊ. म्हणजे दुसऱ्या सीनपासून नवव्यापर्यंत. ही बघ त्याची बहीण, चार ते सहा. हा भाडेकरू, शेवटपर्यंत. काकू पिठाच्या हातानं वही धरून बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यो भाडेकरू शेवटपत्तूर हाय?"

"हो."

"मग त्यानंच मारलंय तिला."

आमच्या थ्रिलरचा निकाल लागला तो तिथंच. मला हसू फुटलं. काकू पण हसायला लागली, हसता हसता तिनं मला पाठीत दोन धपाटे घातले, कुर्त्यावर पिठाचे पंजे उमटले, आणि मग ती एकदम रडायलाच लागली. मी तिला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं. "चार दिस मी मरून बसलेवते गं! बारा म्हंजी बारा दिस का बारा महिनं, त्येच कळंना. तुला इचारावं तर तू रडशील. ह्यांना इचारावं तर ह्ये बोलत न्हाईत. आन् पांढरं का लिवलं म्हून जीव तुटायचा. ह्ये चांगले धडधाकट हायत, आन् मला पांढऱ्यात न्हेताय व्हय?"

मी तिच्या पाया पडले. खरंच पडले. ती डोळे पुसून पुन्हा भाकरीकडे वळली, तवा तापून धूर सोडत होता. मी विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" ती भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "कुटलं बरं? चार दिस ठरलेलं तर हुतं. आता पुन्ना उद्याचं भ्या हायच." काकांना यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. तिला लाज वाटत होती आणि मला त्याहून जास्त.

दिग्दर्शकाला मी त्याच संध्याकाळी फोन केला. म्हटलं, मेसवाली काकू हिरवंच नेसणार. रक्त दाखवायचं तर फरशीवर दाखव. तो म्हणाला, मग ती विधवा कशी? मी म्हटलं, नसू दे विधवा, तिला एक नवरा लिही. तो पंधरा मिनिटं वाद घालत होता आणि मी एक शब्द मागं घेतला नाही. शेवटी त्यालाच पटलं, कारण नवरा आला की संशयित एक वाढतो.

शुक्रवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. काका तेव्हा कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि बाकावर अगदी कडेला बसले होते. आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "काही नाही. साधी चरबीची गाठ आहे. काढायची तर काढू, नाही तर राहू द्या."

"मग मिस्टरांना का बोलावलं?" मी जवळजवळ भांडलेच.

"काढायची झाली तर सही लागते. दोन खेपा नकोत म्हणून सांगितलं."

सही! आठ दिवस आम्ही एका सहीपायी मेलो होतो. पण राग यायच्या आधी जीव भांड्यात पडला. बाहेर आल्यावर मी काकूला मिठी मारली, तर ती "सोड, लोक बघतेत" म्हणाली आणि तिनंच सोडलं नाही. काका मात्र दारातच खाली बसले, चक्क फरशीवर. शेजारच्या बाईनं त्यांना आपली पाण्याची बाटली दिली. काकू त्यांच्यावर खेकसली, "आता काय झालं तुमाला? मला काय न्हाय म्हनली की ती!" काका मान हलवत होते आणि पाणी त्यांच्या शर्टावर सांडत होतं.

घरी येऊन मी चहा ठेवला. काकू पंख्याखाली बसली आणि माढ्याला भावाला फोन लावून सगळं पहिल्यापासून सांगायला लागली. तिचं संपेपर्यंत काका उभेच होते. मग त्यांनी कारखान्याची पिशवी आणली आणि तिच्यासमोर एक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं ठेवलं. काकूनं उघडलं. आत हिरवी साडी होती, पिवळ्या काठाची. वर घडी घालून ठेवलेला शिवलेला ब्लाउज.

काकू बघत राहिली. मी चहाचं भांडं हातात धरून दारात उभी, मला आत जाता येईना की मागं फिरता येईना.

"कवा आनली ही?"

"बुधवारी," काका म्हणाले. "तू लिहिलेलं वाचलं. वहीत."

म्हणजे यांनीही वाचलं होतं! यांनाही वाटलं होतं की डॉक्टरांनी मला सगळं सांगितलंय आणि मी लपवतेय. एका घरात तीन माणसं, आणि तिघंही एकमेकांना जपत गप्प.

"मेल्यावर नेसवायला आनली व्हय?" काकूनं सरळ विचारलं.

काका बोलले ते एवढं लांब, की मी त्यांना त्याआधी इतकं बोलताना ऐकलंच नव्हतं. "आणली. आणि मग सुचेना. तशी घडी ठेवावी वाटेना. म्हणून तुझा जुना ब्लाउज नेऊन मापाचा शिवला, दुपारच्या सुट्टीत. मापाचं शिवलं की माणसाला घालावंच लागतं."

काकूनं डोळे पुसले आणि ब्लाउज उलटा-सुलटा करून पाहिला. काकांनी आयुष्यभर शाळेचे शर्टच कापले, ब्लाउज पहिल्यांदाच शिवला होता. दुहेरी शिलाई, जाड टीप, आतल्या बाजूला दोन-दोन बोटं कापड दुमडून सोडलेलं.

"ह्यो ब्लाउज हाय का साळंचा शर्ट?" काकू म्हणाली. "आन् आत येवडं कापड कशाला ठिवलंय?"

"गणवेशाला सोडतो आम्ही. पोरं वाढतात, मग उसवून मोठं करता येतं. दोन वर्षांचं सोडलंय."

"पन्नाशीला आले मी. आता काय वाढनार?"

"वाढ की," काका म्हणाले.